पाच प्रस्थ किण्व

काशीच्या राज्यात सुर नावाचा एक वनचर राहत होता. हिमालयात जाऊन विकण्याजोग्या वस्तू गोळा करणे हा त्याचा धंदा. तिथे एका झाडाला, हात वर केलेल्या माणसाच्या उंचीवर, तीन फांद्या फुटल्या होत्या आणि त्यांच्या बेचक्यात रांजणाएवढी ढोली होती. पावसाचे पाणी तिच्यात साठे. आसपासचे हिरडे, आवळे आणि मिरी पिकून तिच्यात गळत. जवळच आपोआप उगवलेली साळ होती. पोपट तिच्या लोंब्या खुडून आणत, त्या झाडावर बसून खात आणि दाणे ढोलीत सांडत. उन्हाच्या तावाने ते पाणी आंबले, लाल झाले. तहानलेली पाखरे ते पिऊन झाडाखाली लोळत, थोडा वेळ झोपत आणि किलबिलत उडून जात. विष असते तर पाखरे मेली असती, असा विचार करून सुराने स्वतः चाखून पाहिले.

ही गोष्ट कुंभजातकातली, पाली जातकांच्या क्रमात ५१२ वी. धर्मानंद कोसंबींनी जातककथा मराठीत आणल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी ते स्वतः काशीत राहून संस्कृत शिकले होते. जातकाचा रोख मद्याच्या निषेधावर आहे. सुर आणि वरुण नावाचा तापस ते पेय नगरोनगरी नेतात. आधी सीमेवरचे एक नगर उजाड होते, मग वाराणसी, मग साकेत. श्रावस्तीला शक्र स्वतः येऊन राजाला सावध करतो. हा बोध आपल्या जागी ठीक आहे, पण त्याच कथेच्या मध्यावर कारागिरीचा एक तपशील सहज येऊन गेला आहे आणि माझ्या दृष्टीने तो अमोल आहे. राजा पुन्हा पुन्हा पेय मागतो. दोघे एकदोनदा हिमालयात जाऊन वेळूच्या नळ्या भरून आणतात. मग त्यांच्या मनात येते, दर वेळी इतक्या लांब कोण जाणार? म्हणून ते ढोलीत काय काय पडले होते ते नीट ध्यानात घेतात आणि झाडाच्या सालीपासून सुरुवात करून एकेक जिन्नस घालत नगरातच पेय तयार करतात.

तांदूळ आणि पाणी नगरात मिळत होते. तरी आधी झाडाची साल लागली. आंबवणारी गोष्ट धान्यात नसून झाडाच्या अंगावर आहे, हे ही कथा रचणाऱ्याला किंवा त्याला माहिती पुरवणाऱ्या कुणा सुरा गाळणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. आज घरच्या घरी गढूळ, हॉप्सच्या वासाने घमघमणारी एल जातीची बिअर करणारा माणूस सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारतो: यीस्ट पुरेसे आहे ना? त्या प्रश्नाचा माग काढत गेले की वाट या सालीपाशी येते.

अशीच साल काशीत लिहिल्या गेलेल्या एका ग्रंथात सापडते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात महीधर नावाचा पंडित काशीत राहत होता. १५८८ च्या सुमारास त्याने 'मंत्रमहोदधि' पुरा केला. वाजसनेयी संहितेवर त्याचे 'वेददीप' हे भाष्य आहे. एकोणिसाव्या अध्यायाच्या आरंभी सौत्रामणी यागासाठी सुरा कशी करायची हे तो सांगतो आणि ते सांगणे पाककृतीसारखे काटेकोर आहे. मोड आलेली साळ, मोड आलेले जव, लाह्या आणि नग्नहू. हा नग्नहू म्हणजे आंबवण. त्याच्या घटकांची यादी महीधर देतो ती सर्ज वृक्षाच्या सालीने सुरू होते. मग त्रिफळा, सुंठ, पुनर्नवा, पिंपळी, चित्रक, अश्वगंधा, धने, ओवा, दोन्ही जिरी, दोन्ही हळदी, आणि शेवटी पुन्हा मोडाचे जव व साळ. जातकात साल, हिरडा, आवळा, मिरी आणि भात; महीधराकडे साल, त्रिफळा, पिंपळी आणि मोडाचे धान्य. दोन वेगळ्या धर्मांच्या परंपरा, मध्ये हजार वर्षे, आणि घटक जवळपास तेच.

शतपथ ब्राह्मणात ही सामग्री विकत घ्यायची रीतही आहे: शिसे देऊन साळीचे मोड, लोकर देऊन जवाचे मोड, सूत देऊन लाह्या. मग भात आणि सावे यांच्या पेजेत हे कालवून तीन रात्री ठेवायचे. पहिल्या रात्री एका गाईचे दूध, दुसऱ्या रात्री दोन गाईंचे, तिसऱ्या रात्री तीन गाईंचे आणि दर वेळी धान्याच्या पिठाची भर. याला यज्ञातला अर्थ आहेच. पण आंबवणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर ही टप्प्याटप्प्याने खाद्य वाढवत नेण्याची पद्धत आहे.

महीधराच्या काशीत हे ज्ञान बहुधा पोथीपुरतेच असावे. कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानलेल्या गोष्टींच्या, यादीत सौत्रामणीतली सुरा आली होती आणि त्या काळच्या काशीत धर्मशास्त्राचा शब्द मोठा होता. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातले नारायण भट्ट महीधराचे समकालीन. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट त्यांचे पणतू. अशा नगरात बसून एका भाष्यकाराने निषिद्ध ठरलेल्या पेयाच्या आंबवणातला एकही जिन्नस गाळला नाही. मला त्या प्रामाणिकपणाचा आदर वाटतो.

यादी झाली, पण माप? माप मिळते कौटिल्याकडे. म्हैसूरच्या शामशास्त्रींनी १९०९ मध्ये अर्थशास्त्र छापले आणि मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी १९६० मध्ये त्याची चिकित्सक संहिता सिद्ध केली. दुसऱ्या अधिकरणातला पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाचा आहे. किण्वाची, म्हणजे आंबवणाची, कृती तिथे अशी: उडदाचा एक द्रोण कल्क, कच्चा किंवा शिजवलेला, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने अधिक तांदूळ, आणि मोरट वगैरे वनस्पती एकेक कर्ष. पुढे हे किण्व किती घालायचे तेही आहे. मेदक या पेयाला एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. प्रसन्नेला बारा आढक पीठ आणि पाच प्रस्थ किण्व.

एका आढकाचे चार प्रस्थ आणि चार आढकांचा एक द्रोण हे लक्षात घेऊन हिशेब मांडला की चकित व्हायला होते. मेदकात दोन प्रस्थ तांदळाला तीन प्रस्थ किण्व, म्हणजे धान्यापेक्षा आंबवण जास्त. प्रसन्नेत अठ्ठेचाळीस प्रस्थ पिठाला पाच, म्हणजे साधारण दहावा हिस्सा. प्रत्येक पेयाला वेगळे प्रमाण आहे आणि ते भरघोस आहे. चिमूटभर घालून वाट पाहणाऱ्यांचे हे काम नव्हे. शिवाय सुरेचे आणि किण्वाचे निवडकाम बायका व मुलांनी करावे, असे त्याच अध्यायात आहे. आंबवणाची पारख करणारे हात कोणाचे होते, ते या एका वाक्यावरून कळते.

अर्थात किण्व म्हणजे निव्वळ यीस्ट नव्हे. तांदळातले पीठ यीस्टला थेट पचत नाही. आधी त्याची साखर व्हावी लागते. वैदिक सुरेत ते काम मोड आलेल्या धान्याने होई, बिअरमध्ये माल्टने होते. किण्वात ते बहुधा बुरशीकडे असावे, यीस्ट सोबतीला. काशीच्या आग्नेयेला छोटानागपूरच्या पठारावर हंडिया या तांदळाच्या मद्यासाठी तांदळाचे पीठ आणि मुळ्या यांच्या गोळ्या आजही वळतात, त्यांत या दोघांचा एकत्र संसार असतो.

कौटिल्याचा आणखी एक नियम इथे सांगायलाच हवा. कुटुंबवत्सल माणसाला कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा होती. उत्सव, मेळे, यात्रा यांना चार दिवसांची सवलत असे. पुढे वाराणसीला संयुक्त प्रांताचा १९१० चा अबकारी कायदा लागू झाला, आपल्याकडे मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि परवान्यावाचून घरी बिअर करणे गुन्हा ठरले. ब्रिटनने घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ मध्ये काढली, अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा बदलला. म्हणून हा छंद तिकडच्या मराठी घरांत उघडपणे करता येतो, इकडे नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली तीही परवानाधारक मद्यशाळा म्हणून.

अरिष्टाची शाखा मात्र आपल्या घरांतून कधी तुटली नाही. बाळंतिणीला दिले जाणारे दशमूलारिष्ट आंबवलेलेच असते आणि त्यात धायटीची फुले पडतात. सह्याद्रीच्या उतारावर तांबडी फुलणारी ही धायटी. तिच्या फुलांतल्या मधात रानटी यीस्ट वस्तीला असते. ज्या अरिष्टाचे माप दिलेले नाही त्यासाठी शार्ङ्गधराने सरसकट प्रमाण ठरवून ठेवले: एक द्रोण द्रवाला एक तुला गूळ, त्याच्या निम्मा मध, आणि प्रक्षेपद्रव्ये, म्हणजे वरून टाकायची चूर्णे, दहावा भाग. पुन्हा दहावा हिस्सा. काशी हिंदू विश्वविद्यालयात आयुर्वेदाचे विद्यार्थी ही संधानकल्पना अजून शिकतात.

यीस्ट डोळ्यांना दिसले ते लेव्हेनहूकला, १६८० मध्ये, पण ते सजीव आहे हे त्याच्या लक्षात आले नाही. १८३७ च्या आसपास काग्न्यार द ला तूर, श्वान आणि क्यूट्झिंग या तिघांनी स्वतंत्रपणे ते सजीव असल्याचे सांगितले. पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ १८७६ चा. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हॅन्सनने एका पेशीपासून शुद्ध वाण वाढवला आणि कार्ल्सबर्गने तो इतर मद्यशाळांनाही देऊ केला. पुढे पेशी मोजून यीस्ट घालण्याची रीत पडली आणि प्रस्थाच्या जागी पेशींचा आकडा आला.

हॉप्सची कथा वेगळ्या दिशेने येऊन मिळते. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या मद्यशाळेची फिकी एल अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कलकत्त्याला विकली जाई; हॉप्समधले कडू घटक बिअर आंबट करणाऱ्या जीवाणूंना रोखतात, म्हणून लांबच्या प्रवासाच्या बिअरमध्ये ते जास्त घालत. त्याच कुळातली गढूळ एल अमेरिकेतल्या व्हरमाँटची. जॉन किमिक यांनी वॉटरबरीत २००३ साली उघडलेल्या 'द अल्केमिस्ट'मधली हेडी टॉपर ही तिची नामांकित पूर्वज. तिचे 'कोनन' नावाने ओळखले जाणारे यीस्ट बर्लिंग्टनच्या ग्रेग नूनन यांच्याकडून आले. नूनन यांच्या हाताखाली किमिक काम शिकले होते. गुरूने शिष्याला विरजण दिले असे म्हणायला हरकत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मद्यशाळांच्या संघटनेने या प्रकाराला स्वतंत्र वर्ग दिला.

कौटिल्य पेयाचा रंग निवळावा म्हणून ज्येष्ठमधाच्या काढ्याची युक्ती सांगतो. इथे मात्र गढूळपणाच हवा आहे. तो ओट्स व गव्हातली प्रथिने आणि हॉप्समधली पॉलिफेनॉल्स यांच्या मेळातून येतो. यीस्ट तरंगत ठेवून येतो असा समज आहे तो बरोबर नाही. यीस्टचे काम निराळे. हॉप्समधल्या गुलाबगंधी जिरॅनिऑलचे ते लिंबाच्या वासाच्या सिट्रोनेलॉलमध्ये रूपांतर करते. आणि लिटरमागे दहा-दहा ग्रॅम हॉप्स आंबण्याच्या भरात पडतात तेव्हा दोन संकटे येतात. हॉप्ससोबत प्राणवायू शिरतो आणि ही बिअर पाहता पाहता तपकिरी पडते. हॉप्समधली विकरे उरलेल्या डेक्स्ट्रिनची साखर करतात, आंबणे पुन्हा सुरू होते आणि लोण्यासारख्या वासाचे डायअॅसिटिल तयार होते. दोन्ही निस्तरायला निरोगी, भरपूर यीस्ट लागते. थोड्या पेशींना फार वेळा विभागावे लागले की त्यांच्या आवरणातली स्टेरॉल्स संपतात. त्या थकतात, साखर अर्धी राहते, जड अल्कोहोलचा उग्र दर्प येतो.

आजचे रूढ माप एलसाठी असे आहे: दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोला (हे रसातल्या साखरेचे माप) साडेसात लाख पेशी. वीस लिटर माल्टरस सोळा अंशांचा असेल तर चोवीस हजार कोटी पेशी. द्रव यीस्टच्या नेहमीच्या पाकिटात ताजेपणी दहा हजार कोटींच्या आसपास असतात आणि पडून राहिल्यावर मरत जातात. वाराणसीच्या मे महिन्यात शीतकपाटाबाहेर राहिलेल्या पाकिटाचा भरवसाच नको. नॉर्वेच्या शेतघरांतले क्वाइक यीस्ट याला अपवाद आहे. ते पस्तीस-चाळीस अंशांवर सुखाने काम करते आणि थोडके पुरते. पण कोननसारख्या वाणाला माप चुकवून चालत नाही.

म्हणून ते आधी वाढवतात. २०११ पासून हेडी टॉपर डब्यात मिळू लागली, तीही न गाळलेली. तेव्हापासून घरी बिअर करणारे डब्याच्या तळाचा गाळ जपून ठेवू लागले. त्यात पेशी थोड्या आणि दमलेल्या असतात. त्या आधी शंभर मिलिलिटर सौम्य माल्टरसात सोडतात. ते फसफसून शांत झाले की अर्ध्या लिटरमध्ये, मग दोन लिटरमध्ये. हवा मिळावी म्हणून भांडे सतत ढवळत ठेवतात. लिटरला साधारण शंभर ग्रॅम माल्टपूड, याहून दाट नाही, कारण दाट रसात पेशी वाढीआधीच शिणतात. दोन लिटरचे भांडे थंडीत ठेवून वरचा द्रव ओतून टाकतात आणि खाली बसलेला पांढुरका साका वीस लिटरला घालतात. त्या घाण्याचा साका पुढच्या घाण्याला जातो, तिथून त्यापुढच्या. काही पिढ्यांनंतर वाण बदलू लागतो, चव हलते, आणि मग पुन्हा नव्या डब्यापासून सुरुवात करतात.