चेहऱ्यावरील काळे डाग आणि घरगुती उपाय : एक विवेचन

प्रस्तुत विवेचनात ‘डाग’ या संज्ञेने त्वचेच्या मर्यादित भागात झालेला मेलॅनिन या रंगद्रव्याचा अतिरिक्त संचय अभिप्रेत आहे. ‘उपाय’ म्हणजे त्या संचयाची निर्मिती रोखणारी किंवा त्याचा निचरा वाढवणारी क्रिया. मूळ वर्ण उजळणे हे निराळे प्रयोजन असून त्याचा येथे विचार नाही.

रंगद्रव्याच्या प्रवासाच्या तीन अवस्था आहेत : (१) बाह्यत्वचेच्या तळच्या थरातील रंगपेशी टायरोसिनेज या विकराच्या साहाय्याने मेलॅनिन तयार करतात; (२) ते शेजारच्या पेशींत जाते; (३) त्या पेशी वर सरकत जाऊन अखेर गळून पडतात. या साऱ्याला तरुण त्वचेत सुमारे चार आठवडे लागतात, वाढत्या वयात अधिक. त्यामुळे आठ दिवसांत डाग घालवण्याचे कोणतेही आश्वासन त्वचेच्या स्वतःच्या गतीशीच विसंगत ठरते. दाहामुळे तळचा थर भंगल्यास रंगद्रव्य खाली अंतस्त्वचेत उतरते. तेथून ते गळून पडण्याचा मार्ग नाही, आणि घरचा लेप तेथवर पोहोचत नाही. वरचा डाग तपकिरी, खोल गेलेला करडा वा निळसर दिसतो. उपाय निवडण्यापूर्वी हा भेद पाहावा.

कारणांनुसार डागांचे मुख्य प्रकार तीन. पहिला दाहोत्तर : मुरूम फोडल्यावर मागे राहतो तो. दुसरा वांग : दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर, बहुधा सममित; गर्भावस्था, संप्रेरकांच्या गोळ्या, ऊन आणि आनुवंशिकता ही त्याची कारणे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘व्यंग’ या नावाने मुखावरील वेदनारहित, पातळ, श्याव मंडल वर्णिले आहे, ते याच्याशी जुळते. तिसरा वर्षानुवर्षांच्या उन्हाचा.

आता उपाय. अवस्थांच्या क्रमाने पाहता निर्मिती रोखणारा उपाय अग्रस्थानी येतो, आणि त्यात प्रथम छाया : छत्री, पदर, रुंद काठाची टोपी. अतिनील-अ किरण खिडकीच्या काचेतूनही येतात, हे वांग असणाऱ्याने विसरू नये. छायेवाचून केलेला लेप म्हणजे नळ चालू ठेवून मोरी उपसणे होय.

ज्येष्ठमधातील ग्लॅब्रिडिन टायरोसिनेजला रोखते, हे प्रयोगशाळेत सिद्ध आहे. परंतु ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाण्यात कालवलेल्या चूर्णातून त्याचा अल्पांशच त्वचेला मिळतो. हळदीतील कर्क्युमिनलाही हीच मर्यादा लागू होते. द्रव्य गुणकारी असणे आणि लेप गुणकारी असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

निचरा वाढवणाऱ्यांत दही आणि मसुराचे पीठ येतात. दह्यातील लॅक्टिक आम्ल सौम्य प्रमाणात असते. त्याचा परिणाम मंद, पण बहुधा निरुपद्रवी. पीठ वस्त्रगाळ असावे आणि चोळू नये, कारण सावळ्या त्वचेत घर्षणाचा दाहच नवा डाग निर्माण करतो. सहाणेवर दुधात उगाळलेल्या जायफळाची परीक्षा याच कसोटीवर करावी. उगाळ बोटांत चिमटून पाहता कण खरखरीत लागले, तर तो चेहऱ्यावर नेऊ नये. त्यातील उडनशील तेलही काहींना चुणचुणते. चुणचुण हे औषध लागू पडल्याचे चिन्ह नसून दाहाचा आरंभ आहे.

लिंबू मात्र सर्वस्वी वर्ज्य. त्याच्या रसाचा सामू सुमारे २, तर त्वचेच्या पृष्ठाचा साधारण ५. म्हणजे रस सुमारे हजारपट आम्ल. शिवाय त्यातील, विशेषतः सालीतील, फ्युरोकुमारिन द्रव्ये उन्हात त्वचा भाजतात. एकदोन दिवसांत लाली वा फोड येतात आणि मागे राहिलेला डाग महिनोन्‌महिने टिकतो. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट यांनाही दाहाच्या शक्यतेमुळे स्थान नाही.

काही बाबी या विवेचनाच्या कक्षेबाहेर आहेत. मानेवर किंवा काखेत येणारा मखमली काळसरपणा घासून जात नाही. तो पुष्कळदा इन्सुलिन-रोधाचे लक्षण असतो आणि तेथे रक्तशर्करा तपासावी लागते. कडा, रंग वा आकार बदलणारा तीळ त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा. औषधदुकानातून चिठ्ठीविना आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम घरगुती उपायांत गणले जाऊ नये. त्याने त्वचा पातळ होते, लाल शिरा उमटतात आणि मलम थांबवताच डाग बहुधा परत येतात.