नामातील बाजार : एक स्वर्गपक्षी आणि एक कवक

जीवजातींची शास्त्रीय नामे ही केवळ वर्गीकरणाची साधने होत, असा सर्वसाधारण समज आहे. भाषेच्या अभ्यासकास मात्र ती इतिहासाचीही साधने वाटतात. कारण वस्तू कोणत्या वाटेने व कोणत्या अवस्थेत नाव देणाऱ्याच्या हाती आली, याची खूण त्यांत उरलेली असते. आरू बेटांवरील मोठा स्वर्गपक्षी आणि तिबेटच्या पठारावरील एक कवक यांची नामे या दृष्टीने तुलनीय आहेत.

स्वर्गपक्ष्यांची कातडी पाय काढून सुकविण्याची तेथे चाल होती. मागेलनच्या मोहिमेतील 'व्हिक्टोरिया' जहाजाबरोबर १५२२ मध्ये स्वर्गपक्षी स्पेनला पोचले. त्याच जहाजावरील पिगाफेत्ताने त्यांच्या पायांचे वर्णन केले आहे. तथापि युरोपात रूढ झाली ती हा पक्षी भूमीस शिवतच नाही ही समजूत. मलाय व्यापारी त्यास 'मानुक देवाता' म्हणत. यातील उत्तरपद संस्कृत 'देवता' हेच होय. क्लूसियसने १६०५ मध्ये पायांविषयी पुन्हा लिहिले. तरीही लिनियसने १७५८ मध्ये नाव दिले ते 'आपोडा', म्हणजे पादहीन.

दुसरे उदाहरण कवकाचे. भूमीतील सुरवंटास ग्रासून, त्यास मारून, ते उन्हाळ्याच्या सुमारास त्याच्या डोक्यातून गवताच्या काडीसारखे वर येते. तिबेटी भाषेत त्यास 'यार्त्सा गुन्बू', म्हणजे 'उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात किडा' असे म्हणतात. उत्तराखंडात 'कीडाजडी' म्हणतात. बर्कलीने १८४३ मध्ये त्याचे नामकरण केले, ते 'सिनेन्सिस', म्हणजे चिनी, असे. पुढे १८७८ मध्ये व २००७ मध्ये त्याची प्रजाती बदलली. 'सिनेन्सिस' हे पद मात्र टिकले.

दोन्ही नामांत बाजारच बोलतो आहे. पक्ष्याच्या नावात व्यापारासाठी केलेली काटछाट गोठली. कवकाच्या नावात ज्या देशाच्या पेठेतून ते आले तो देश. परंतु एक भेद लक्षात घेतला पाहिजे. 'आपोडा' हे पद असत्य आहे. 'सिनेन्सिस' असत्य नाही, अपुरे आहे; ज्या लोकनामात त्या जीवाचे अवघे ऋतुचक्र सामावले होते, त्याचा मागमूसही त्यात नाही.

अग्रक्रमाच्या नियमामुळे अशी पदे केवळ चुकीच्या अर्थामुळे बदलता येत नाहीत, आणि इतिहासाच्या दृष्टीने ते इष्टच होय. 'आपोडा' दुरुस्त केले असते, तर पाय कापणारे ते हातही आपल्या स्मृतीतून पुसले गेले असते.