साध्या शब्दाचा हक्क : वाइनच्या इतिहासातील एक प्रकरण



कामगार चळवळीतला माणूस वाइनवर बोलावयास उभा राहिला, याचे आपणांस नवल वाटेल. प्यावी की पिऊ नये, हा आजचा प्रश्न नाही. त्याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या घरी करावा. मला सांगावयाचे आहे ते शब्दांविषयी. करारनाम्यात ‘योग्य वेतन’, ‘समाधानकारक काम’ असे शब्द आले, की आम्ही सावध होतो. कारण योग्य म्हणजे किती, हे ठरविण्याचा अधिकार मग ज्याच्या हाती लेखणी त्याच्याकडे जातो. ‘दरमहा अमुक रुपये’ हे बोलणे रोखठोक खरे, पण ते दोघांनाही मोजून पाहता येते. वाइनच्या इतिहासातही नेमका हाच तंटा झालेला आहे.

प्रथम फ्रान्सच्या दक्षिणेकडे जाऊ. १८६० नंतरच्या काळात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने तिथल्या द्राक्षवेली मुळापासून मारल्या. वाइन दुर्मिळ झाली, तेव्हा बेदाणे भिजवून किंवा साखरेचे पाणी आंबवून केलेले पेय वाइन म्हणून विकले जाऊ लागले. १८८९ साली कायद्याने वाइनची व्याख्या केली, परंतु भेसळ थांबली नाही. पुढे नव्या वेली लागल्या, पीक उदंड आले, त्यात बनावट मालाची भर, भाव कोसळले. लांगदॉक भागातले लहान बागायतदार आणि त्यांच्याकडे राबणारे मजूर बरोबरच भिकेला लागले.

११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिए गावचे ८७ जण मार्सेलँ आल्बेर या लहान बागायतदाराच्या पुढारीपणाखाली मोर्चाने नार्बोनला गेले आणि चौकशीस आलेल्या संसदीय समितीपुढे उभे राहिले. तीन महिन्यांनी, ९ जूनला, माँपेलिए येथे पाच लाखांहून अधिक लोक जमले. पंतप्रधान क्लेमांसो यांनी सैन्य पाठविले. नार्बोनमध्ये गोळीबार होऊन माणसे ठार झाली. ती बातमी ऐकून सतराव्या पायदळ पलटणीतील त्याच मुलखातल्या शेकडो जवानांनी बंड केले. अखेर २९ जूनला भेसळीविरुद्ध नवा कायदा झाला. आणि ३ सप्टेंबरच्या हुकूमनाम्याने ठरले, की केवळ ताजी द्राक्षे किंवा त्यांचा रस आंबवून केलेले पेयच वाइन या नावाने विकता येईल. त्या व्याख्येत ‘उत्तम’ नाही, ‘अभिजात’ नाही. ‘ताजी द्राक्षे’ आहेत. ज्यांची भाकरी त्या पेयावर अवलंबून होती, त्यांना पडताळून पाहता येईल असाच शब्द हवा होता.

ही झाली वाइन करणाऱ्यांची भाषा. रसिकांची भाषा मात्र दुसऱ्याच वाटेने गेली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तिथल्या तांबड्या वाइनच्या पाच श्रेणी लावल्या, त्या मुख्यतः बाजारभावावरून. पुढे त्या भावालाच कुळीचे तेज चढले. वाइनला ‘खानदानी’ म्हणण्याची रीत पडली. जॉर्ज सेंट्सबरी या इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापकाने १९२० सालच्या आपल्या पुस्तकात एका वाइनला पौरुषाचे प्रशस्तिपत्र दिले. वाइनला कूळ आले, लिंग आले; ती आंबट की तुरट, एवढे मात्र ऐकणाऱ्याला कळेना. १९३७ साली जेम्स थर्बर या अमेरिकन व्यंगचित्रकाराने ‘न्यूयॉर्कर’मध्ये या भाषेची टर उडविली. त्याच्या चित्रातला यजमान पाहुण्यांपुढे साध्या देशी वाइनचे कूळ आणि आगाऊपणा यांची मीमांसा करतो आहे. हसणे झाले, परंतु त्या भाषेच्या जागी दुसरी कोणीतरी उभी करावयास हवी होती.

ते काम कॅलिफोर्नियातील डेव्हिसच्या विद्यापीठात झाले. तिथे १९७४ पासून शिकविणाऱ्या ॲन नोबल यांनी सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये वासांचे एक चक्र प्रसिद्ध केले. आतल्या वर्तुळात फळे, फुले, मसाले, लाकूड, माती असे बारा गट. बाहेर जावे तसतसे नाव अधिक नेमके, म्हणजे मसाल्यातून लवंग. वाईट वासही लपविले नाहीत : भिजलेले कुत्रे, ओला पुठ्ठा, जळकी काडी. नियम असा, की शब्द नेमका असावा व त्यात आवडनिवड मिसळू नये. म्हणून ‘डौलदार’ या शब्दाला तिथे थारा नाही. याहून महत्त्वाची आहे ती शिकविण्याची रीत. साध्या वाइनच्या पेल्यांत कुठे लवंग, कुठे सिमला मिरचीचा तुकडा, कुठे व्हॅनिलाचा अर्क घालून ठेवावयाचा. शिकणाऱ्याने ते हुंगावयाचे आणि आपल्या पेल्याशी ताडून पाहावयाचे. शब्दाला अशा रीतीने माप मिळाले, आणि ते माप कोणाच्याही नाकाला वापरता येण्याजोगे होते.

जाणकारांनाही या मापाची गरज का, हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या एका प्रयोगाने दाखविले. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन तांबडा रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांनी केले. यात त्यांची अप्रतिष्ठा नाही. डोळा नाकाला फसवितो, एवढेच सिद्ध झाले.

आता घराकडे वळू. नाशिकच्या परिसरात आज द्राक्षबागांशेजारी वाइनचे कारखाने उभे आहेत. द्राक्षे तोडणारी, टाक्या धुणारी माणसे मराठी बोलतात. बाटलीवरचे वर्णन बहुधा इंग्रजीत असते. परंतु आपल्यापाशी शब्द नाहीत, असे कोणी म्हणू नये. द्राक्षाच्या सालींतून आणि बियांतून येऊन जीभ आवळून धरणारा जो गुण, त्याला आपल्या घरातले पोरही तुरट म्हणते. सुपारी आणि जांभूळ खाऊन ते शिकलेले असते. द्राक्षातले मुख्य आम्ल टार्टारिक, आणि आपल्या आमटीतल्या चिंचेतही मुख्य आम्ल तेच.

तेव्हा एखादा कामगार वाइन चाखून म्हणाला, ‘तुरट आहे, चिंचेसारखी आंबट, मागाहून लवंगेचा वास येतो’, तर त्याला हसू नये. डेव्हिसच्या वर्गात जे सांगावे लागते तेच त्याने सांगितले. चाखणारे असाल तर आपणही घोट घ्यावा, आणि त्याचे म्हणणे खरे की चूक, ते त्याला त्याच भाषेत सांगावे.