विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ
अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना परदेशी ख्रिस्ती सेवेस प्रवृत्त करणारी चळवळ. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे, धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांच्या नेतृत्वाखाली भरलेल्या शिबिरात, कोल्हापुरास मिशनरी कुटुंबात जन्मलेल्या व प्रिन्स्टनमध्ये शिकलेल्या रॉबर्ट वाइल्डर या तरुणाच्या तळमळीने प्रभावित होऊन, ईश्वरेच्छा असल्यास परदेशी जाऊ अशा मजकुराच्या प्रतिज्ञापत्रावर शंभर विद्यार्थ्यांनी सह्या केल्या. पुढील वर्षी वाइल्डर यांनी जॉन फोरमन यांच्यासह अनेक महाविद्यालये पालथी घातली. १८८८ मध्ये चळवळीस रीतसर संघटनेचे स्वरूप येऊन जॉन मॉट अध्यक्ष झाले. पाश्चात्त्य श्रेष्ठत्वाच्या भावनेपासून ती सर्वस्वी अलिप्त नव्हती. तथापि स्वतःच्या मोक्षचिंतेत गुरफटलेल्या तरुण मनास परदुःखाकडे वळविणे, हे तिचे थोर कार्य निर्विवाद होय. पहिल्या महायुद्धानंतर तिला ओहोटी लागली. मॉट यांना १९४६ चे शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.