नळीखालचे शिक्के

जुनी दुनळी समोर आली की आपण आधी काय करतो? कुलपाच्या पट्टीवर कोरलेलं नाव वाचतो. आज आपण ते नाव सगळ्यात शेवटी वाचूया.

ठासणीची बंदूक मागे पडली ती फ्रेंच माणसामुळे. कझीमिर लफोशोने १८३०च्या दशकात नळ्या बिजागरीवर खाली झुकवून मागून काडतूस भरायची सोय काढली. १८५१च्या लंडन प्रदर्शनात इंग्रज कारागिरांनी ती पाहिली, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत हा धंदाच त्यांनी आपलासा केला. १८७५ साली बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी बाहेरचे घोडेही आत घेतले. म्हणजे घोडे बाहेर दिसले की बंदूक त्याआधीची? नाही हो! बाहेरच्या घोड्यांच्या बंदुका त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत होत्या.

म्हणून बंदूक रिकामी आहे याची खात्री करून आपण नळ्या सोडवतो आणि पालथ्या करतो. बंदूक विकण्याआधी जादा दारू भरून नळीची परीक्षा घ्यायची आणि मग शिक्का मारायचा, हे काम लंडनमध्ये सतराव्या शतकापासून आणि बर्मिंगहॅममध्ये १८१३पासून चालत आलंय. ‘नॉट फॉर बॉल’ असा शिक्का सापडला तर काळ जवळपास हातात आला: १८७५ ते १८८७. तोंडाशी आवळलेल्या नळीतून गोळी मारू नका, असा त्याचा अर्थ. लंबगोलात ‘ईएलजी’ अक्षरं दिसली तर नळी बेल्जियमच्या लिएजची, वर नाव कितीही इंग्रजी असो. ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ नावाच्या अशा पुष्कळ बंदुका आहेत. वेस्टली रिचर्ड्स या बड्या नावाशी गल्लत व्हावी हाच हेतू. गंमत म्हणजे त्या नावाचे खरे इंग्रज बंदूककारही होते.

आता किमतीचं. शिक्क्यात १३ आकडा असेल तर परीक्षेच्या वेळी नळीचा आतला व्यास ०.७१० इंच होता. आज तो ०.७२९ भरला, तर गंज काढताना कुणीतरी आतून बरंच लोखंड खरवडलंय. ब्रिटनमध्ये अशी बंदूक पुन्हा परीक्षा झाल्याशिवाय विकणं गुन्हा आहे. दस्त्यावरचं सुंदर नक्षीकाम तिला वाचवत नाही. पीळ दिलेल्या पट्ट्यांची दमास्कस नळी आणि परीक्षा फक्त काळ्या दारूची असेल, तर आजचं काडतूस तिच्यात घालायचंच नाही.

आपल्याकडे वाड्यांतली परवान्याची दुनळी निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा होते, मग परत येते, पुन्हा कपाटात जाते. नळ्या पालथ्या कोण करतो?