समावेशक आरक्षण

समावेशक आरक्षण : शहराच्या विकास आराखड्यात मंडई, दवाखाना, ग्रंथालय अशा सार्वजनिक सुविधेसाठी राखून ठेवलेल्या खाजगी भूखंडावर मालकाने स्वखर्चाने ती सुविधा बांधून महापालिकेला विनामूल्य द्यायची आणि त्या बदल्यात भूखंडाचे बांधकामहक्क स्वतः वापरायचे, अशी नियोजनपद्धती. सार्वजनिक-खाजगी भागीदारीचा हा एक प्रकार होय.

बृहन्मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ही पद्धती रुजवली. त्याआधीच्या आराखड्यातील अनेक आरक्षणे भूसंपादनाच्या खर्चामुळे कागदावरच राहिली होती. या पद्धतीत सोपवलेल्या सुविधेचे बांधकाम चटई क्षेत्र निर्देशांकात (भूखंडावर किती बांधकाम करता येईल हे ठरवणाऱ्या प्रमाणात) धरले जात नाही. त्यामुळे मालकाचे बांधकामहक्क घटत नाहीत आणि पालिकेला रोख मोबदला द्यावा लागत नाही. विकास योजना २०३४ च्या नियमावलीतही ही तरतूद असून अनेक आरक्षणांत जमिनीचा ठरावीक हिस्साही पालिकेकडे सोपवावा लागतो.

मालकाने पुढाकार घेईपर्यंत सुविधा रखडते, ही या पद्धतीची मोठी मर्यादा. जमिनीला चढा भाव असेल तेथेच ही पद्धती मालकाला परवडते. बांधलेल्या दवाखान्यात डॉक्टर आणि ग्रंथालयात ग्रंथपाल नेमणे मात्र पालिकेचेच कर्तव्य राहते. ते पाळले गेले, तरच आरक्षणाचा हेतू सफल होतो.