तिमोशेंको पदक

अनुप्रयुक्त यामिकी, म्हणजे आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या वर्गात जिला ‘अप्लाइड मेकॅनिक्स’ म्हणतात, त्या क्षेत्रातील मोठ्या कामगिरीबद्दल दिला जाणारा आंतरराष्ट्रीय सन्मान. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स ही संस्था तो दरवर्षी देते. स्थापना १९५७. ज्यांच्या नावाचे पदक, तेच स्टीफन तिमोशेंको (१८७८–१९७२) त्याचे पहिले मानकरी. जेफ्री टेलर (१९५८), जेम्स लाइटहिल (१९६३), जॉर्ज बॅचलर (१९८८) असे द्रव-वायूंच्या गतीचे अभ्यासकही मानकऱ्यांत आहेत. तरी पदकाचा ओढा पहिल्यापासून घनपदार्थांकडे राहिला आहे. भार आला की पदार्थ किती वाकतो, केव्हा दुमडतो आणि कुठून तुटतो, हे त्याचे मुख्य प्रश्न.

सिव्हिल किंवा मेकॅनिकल शिकलेल्या मराठी वाचकाला तिमोशेंको हे नाव कॉलेजच्या ग्रंथालयातील जाड पुस्तकांवरून ओळखीचे असते. माणूस मात्र त्या पुस्तकांआड झाकला गेला. जन्म युक्रेनमधला, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातला. कीव्हच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक असताना शिक्षणमंत्र्याच्या धोरणाचा निषेध केल्याबद्दल १९११मध्ये त्यांची नोकरी गेली. त्या पडत्या काळात त्यांना आधार दिला तो एका पुरस्कारानेच. स्थितिस्थापक रचनांच्या स्थैर्यावरील संशोधनाबद्दल त्यांना झुराव्स्की पारितोषिक मिळाले आणि त्या पैशांवर घर चालले. पुढे १९२०मध्ये झाग्रेब, १९२२मध्ये अमेरिका. वेस्टिंगहाऊस कंपनीत काही वर्षे काढल्यावर १९२७पासून मिशिगन आणि १९३६पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी शिकवले. त्यांचा ‘थिअरी ऑफ इलॅस्टिसिटी’ हा ग्रंथ १९३४चा; १९५१च्या आवृत्तीचे सहलेखक जेम्स गुडियर यांना १९६१मध्ये हे पदक मिळाले.

झुराव्स्की हे नाव इथे योगायोगाने आले असले तरी अगदी चपखल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सेंट पीटर्सबर्ग–मॉस्को रेल्वेमार्गाचे लाकडी पूल बांधताना या अभियंत्याने तुळयांमधील कर्तनाचा, म्हणजे एक थर दुसऱ्यावरून सरकवू पाहणाऱ्या बलाचा, हिशेब मांडला होता. दोनशे पानी वही एका कडेने घट्ट धरून वाकवली की मोकळ्या कडेची पाने एकमेकांवरून सरकतात आणि तिथे उतार तयार होतो. तुळईत थर एकजीव असल्यामुळे ते सरकत नाहीत, पण सरकण्याची ओढ आत दबून असते. लाकडात ती अनावर झाली की तुळई आडवी न मोडता रेषांच्या दिशेने चिरते.

जुन्या सिद्धांतात तुळई वाकताना तिचा प्रत्येक छेद अक्षाशी काटकोनातच राहतो असे धरलेले असते. लांब, सडपातळ तुळईला ते चालून जाते. आखूड आणि जाड तुळईत किंवा वेगाने कंप पावणाऱ्या दांड्यात ते चालत नाही. तिमोशेंकोंनी १९२१च्या लेखात छेदाला कलण्याची मोकळीक दिली आणि कर्तनामुळे होणारे विरूपण समीकरणात आणले. आज संगणकावर तुळईचे गणित मांडणाऱ्याला ‘तिमोशेंको बीम’ हा पर्याय समोर दिसतो, तो हाच. हाच विचार एरिक राइसनर यांनी १९४५मध्ये आणि रेमंड मिंडलिन यांनी १९५१मध्ये स्लॅबसारख्या पट्टांना लावला. पदक मिंडलिन यांना १९६४मध्ये मिळाले, राइसनर यांना १९७३मध्ये.

हा सन्मान सहसा उशिरा येतो, आणि तो तसाच यावा, कारण या शास्त्रातील कल्पना कसाला उतरायला काळ जावा लागतो. पदक सुरू झाले त्याच १९५७ साली दोन मोठे लेख प्रसिद्ध झाले. जॉर्ज अर्विन यांनी भेगेच्या टोकाशी एकवटणारे प्रतिबल, म्हणजे पदार्थाच्या आतला ताण, एकाच राशीत मोजून दाखवले. भेग असलेला भाग कधी तुटेल हे त्यावरून ठरवता येऊ लागले. जॉन एशेल्बी यांनी पदार्थात अडकलेल्या लंबगोलाकार वेगळ्या कणाभोवतीचे प्रतिबल सोडवले. एशेल्बींना १९७७मध्ये गौरवण्यात आले, अर्विन यांना १९८६मध्ये. वॉर्नर कॉइटर (१९६८) यांचे गाजलेले काम तर त्यांच्या १९४५च्या डच भाषेतील प्रबंधात होते. पातळ नळकांडे गणितापेक्षा फार कमी भाराला का दुमडते, याचे उत्तर त्यांनी दिले: डोळ्यांना न दिसणारा बाकही त्याची ताकद झपाट्याने उतरवतो. शीतपेयाचा रिकामा, न चेपलेला डबा उभा ठेवून जपून वरून भार दिला तर तो बराच तग धरतो. बगलेला बोटाने जरा टिचकी मारली की क्षणात चपटा होतो.

१९९१चे मानकरी युआन-चेंग फंग विमानांच्या रचनेकडून जिवंत ऊतींकडे वळले होते. रोहिणीची छोटी कडी कापून तिला एका बाजूने चीर दिली तर कोणताही दाब नसताना ती आपोआप उघडते, म्हणजे रक्त नसतानाही भिंतीत प्रतिबल साठलेले असते, हे त्यांनी दाखवले. मेरी बॉइस (२०२०) या हे पदक मिळवणाऱ्या पहिल्या महिला. ही दाद स्त्रियांना मिळायला सहा दशके लागली, हे खटकणारेच आहे.

भारतात पदवीपर्यंत शिकलेल्या मानकऱ्यांत आयआयटी मद्रासचे सुब्रा सुरेश (२०१२) आणि उस्मानिया विद्यापीठाचे जे. एन. रेड्डी (२०१९) आहेत. सुरेश यांचा विषय धातूंचा थकवा. पुढे मलेरियाने ताठर होणाऱ्या रक्तपेशींची यामिकीही त्यांनी अभ्यासली. रेड्डींचे काम मात्र थेट वहीच्या पानांकडे परत नेते. तिमोशेंको आणि मिंडलिन यांच्या मांडणीत कर्तन जाडीभर सारखे धरलेले असते, त्यामुळे दुरुस्तीसाठी वेगळा गुणक घ्यावा लागतो. रेड्डींनी १९८४मध्ये छेदाला सरळ न ठेवता वक्र होऊ दिले. कर्तन मध्यावर सर्वाधिक आणि वरच्या-खालच्या पृष्ठांवर शून्य झाले, आणि तो गुणक लागेनासा झाला.